एकट्या माणसाचं मशीन

वॉशिंग मशीनमध्ये रोज साबण आणि पाणी जातं, तेव्हा ते आपोआप स्वच्छ राहत असणार, असं बहुतेकांना वाटतं. सव्वीस वर्षं मी हा गैरसमज घरोघरी जाऊन दूर करतो आहे. सगळ्यांचा एकदम दूर झाला असता तर माझं दुकान बंद पडलं असतं, म्हणून तक्रार नाही.

दुकान साकीनाक्याला आहे. दुकान म्हणजे एका गाळ्याचा अर्धा भाग. उरलेल्या अर्ध्यात पंख्यांचं वाइंडिंग चालतं. राहायला मी कांदिवलीला. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या भागांत माझी गिऱ्हाइकं पसरलेली आहेत. लोक पाहुण्याला हॉलमध्ये बसवतात, मला थेट बाथरूममध्ये नेतात. त्यामुळे माझी घरांशी ओळख मागच्या बाजूने होते.

ज्यांनी मशीन कधी उघडलेलं पाहिलं नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. दारातून दिसतो तो भोकांचा चकचकीत ड्रम. त्याच्याबाहेर आणखी एक प्लॅस्टिकचा टब असतो आणि तो कुणालाच दिसत नाही. पाणी खरं त्या टबात भरतं. ड्रम आणि टब यांच्यामध्ये जेमतेम दोन बोटांची फट असते. तिथे न विरघळलेली पावडर, कपड्यांचं सूत, अंगाचं तेल, केस असं सगळं थरावर थर बसत जातं. रंगाने राखाडी, हाताला शेवाळासारखं बुळबुळीत. ड्रम बाहेर काढून दाखवला की घरातल्या बाईंचं पहिलं वाक्य बहुधा असतं, "अहो, आम्ही रोज आंघोळ करतो!" मी म्हणतो, "तुम्ही करता. हे करत नाही."

दसऱ्यानंतरचा आठवडा हा माझा सुगीचा. खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो, आणि आता घरात हत्यार म्हणजे मिक्सर आणि वॉशिंग मशीन. झेंडूचा हार दाराला अडकवतात, हार सुकतो, पाकळ्या कपड्यांबरोबर आत जातात आणि पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपात जाऊन बसतात. मुलुंडच्या एका बाईंनी मला दारातच धरलं होतं. "पूजा केली म्हणून बिघडलं म्हणता?"

"पूजेनं नाही बिघडलं. पाकळ्यांनी बिघडलं."

"मग मिक्सर कसा बरा चालतो?"

"मिक्सरमध्ये तुम्ही हार घातला नाहीत."

बोरिवलीला एक कुटुंब घरगुती जेवणाच्या ऑर्डरी घेतं. त्यांनी जुन्या सेमी ऑटोमॅटिकच्या स्पिनरमध्ये धुतलेली कोथिंबीर कोरडी करायला सुरुवात केली. कल्पना उत्तम, कोथिंबीर झकास निघायची. तक्रार होती ती शाळेच्या गणवेशाला हिरवे डाग पडतात अशी. मी म्हटलं, एक काहीतरी ठरवा. त्यांनी कोथिंबीर ठरवली आणि कपड्यांसाठी दुसरं मशीन घेतलं.

या कामात एक गोष्ट शिकलो, ती हिशेबाने उलटी वाटते. माणसांनी भरलेल्या घरातलं मशीन त्या मानाने स्वच्छ असतं. सगळ्यात घाण मशीन एकट्या माणसाचं. कारण सोपं आहे. साडेसहा किलोचं मशीन पाच-सहा माणसांच्या कपड्यांनी भरलं की कपडेच एकमेकांवर घासून पावडर वापरून टाकतात. एकट्या माणसाचा एक सदरा, एक लेंगा, एक पंचा, सगळं मिळून एक किलोसुद्धा नाही. पण पावडर पडते ती जुन्याच मापाने. पाच माणसांची पावडर एका माणसाच्या कपड्यांवर. ती धुऊन निघत नाही, फटीत बसते, कुजते. मशीन चालतं थोडंच, बाकी वेळ दार बंद, आत ओल. घरातली माणसं कमी होत जातात. मुलगी लग्न होऊन जाते, मुलगा परगावी जातो, कुणी वारतं. दुधाची पिशवी कमी करायचं लोकांच्या लक्षात येतं, भाताचं माप कमी होतं. मशीनमधल्या पावडरीचं माप तेवढं कमी होत नाही.

हे मी गिऱ्हाइकांना अनेक वर्षं सांगत होतो, आकड्यांसारखं. परब काकांच्या घरी गेलो तेव्हा माझी बायको जाऊन तीन वर्षं होत आली होती.

परब काका घाटकोपरला तिसऱ्या मजल्यावर राहतात. मूळचे मालवणकडचे. वय सत्तरीच्या पुढे. बायको वारलेली, मुलगे दोन्ही बाहेरगावी. गणपतीला महिना असेल तेव्हा त्यांचा फोन आला, मशीन पाणी सोडत नाही म्हणून. मी गेलो. दार उघडताक्षणी वास आला. ओला कपडा बादलीत दोन दिवस विसरला की येतो तसला आंबूस वास. गॅलरीतल्या दोरीवर कपडे वाळत होते, वास त्यांचाच होता.

काका म्हणाले, "मशीनचं मागाहून बघ. आधी चाय घे."

खाटेवर खोळीत घातलेला पखवाज होता. मी विचारलं, तुम्ही वाजवता का? तर बांध फुटल्यासारखे बोलायला लागले. त्यांचं कोकणातल्या लोकांचं भजन मंडळ आहे. गणपतीत घाटकोपर ते मुलुंड घरोघर भजनं. काका तरुणपणापासून पखवाजावर, बुवांच्या उजव्या हाताला. यंदा बुवांचा फोन आला होता.

"म्हणतात, काका, यंदा आराम करा. जिने चढवत नाहीत तुम्हाला. अरे, मी राहतो तिसऱ्या मजल्यावर! आमची लिफ्ट निम्मा वेळ बंद. मीच दुधाची पिशवी वर आणतो."

"मग तसं सांगायचं त्यांना."

"सांगितलं. तर म्हणतात, हातही जड झालाय तुमचा." त्यांनी मांडीवर बोटं आपटून एक तुकडा वाजवून दाखवला. माझ्यासारख्या अडाण्यालाही कळलं, हात जड नव्हता. "गेल्या वर्षीपर्यंत हलका होता, यंदा जड झाला? शिरसाट, गणपतीत मंडळाबरोबर गेलो नाही तर मला बाकीचं वर्ष कशासाठी आहे, सांग."

मी मशीनपाशी गेलो. पंप जळला होता. तो काढून दुकानात त्याच मापाचा जुळवून बघायचा होता. पंपातून पाणी गळत होतं म्हणून काकांनी एक पंचा दिला, त्यात गुंडाळून मी मेट्रोने साकीनाक्याला आलो. डब्यात गर्दी होती. माझ्या शेजारची बाई उठून पलीकडे जाऊन उभी राहिली. तिच्या जागी कुणी बसलं नाही.

तेव्हा मला कळलं, बुवांनी काकांना घरी का बसवलं. भजन होतं कुठे? दहा बाय बाराच्या खोलीत, गणपतीसमोर, पंधरा-वीस माणसं मांडीला मांडी लावून. धूप, समया, पंखा मंद. त्यात पखवाजवाला घामाघूम. बुवांनी एक वर्ष सोसलं असेल, यजमानांपैकी कुणी काही बोललं असेल. मग जिन्याचं कारण काढलं. वाईट माणसं असती तर तोंडावर बोलली असती. चांगली होती म्हणून खोटं बोलली.

आणि काकांना पत्ता नव्हता. यात त्यांचा दोष नाही. आपल्या घराचा वास आपल्या नाकाला थोड्याच दिवसांत कळेनासा होतो. गावाला पंधरवडा राहून आलो की कुलूप उघडताना क्षणभर येतो, चपला काढेपर्यंत जातो. घरात दुसरं माणूस असलं तर त्याचं नाक उपयोगी पडतं. बाहेरून आलेलं माणूस म्हणतं, हे काय घातलंय, काढा आधी. एकट्याच्या घरात हे वाक्य बोलणारं कुणी नसतं.

दुकानात माझं एक मशीन आहे, काढलेले पार्ट तपासायला. त्यात मी काकांचा पंचा गरम पाण्यात, अर्धा चमचा पावडर घालून धुतला. परत द्यायचा तर धुऊन द्यावा, एवढाच विचार होता. दुसऱ्या दिवशी नवा पंप आणि पंचा घेऊन गेलो. पंप बसवला. पाणी सुटायला लागलं. माझं काम तिथे संपत होतं.

मशीनला वास येतो हे सांगणं माझ्या धंद्यात बसतं. माणसाला येतो हे सांगणं बसत नाही. तरी मी मशीनपासून सुरुवात केली.

"काका, मशीनला वास येतोय."

"येणारच. मळके कपडे जातात त्यात."

"तो वास कपड्यांत उतरतो."

"मग?"

"मग कपड्यांतून शेजारी बसलेल्याला येतो."

मला वाटतं, त्यांना लगेच समजलं होतं. समजलं नसतं तर इतके चिडले नसते. रागात ते मालवणीवर आले.

"माका वास येता? माज्या घरात येवन माकाच सांगतंस? दोन टायम आंघोळ करतंय मी! तू मशीनवालो की डॉक्टर? ऊठ, चलाक लाग!"

मी हत्यारांची पिशवी उचलली. पंचा खुर्चीवर ठेवला आणि निघालो. जिना उतरताना वरून दार आपटल्याचा आवाज आला. साकीनाक्याला येईपर्यंत स्वतःला बोलत होतो, कशाला पंचाईत केलीस, पंप बसवायचा आणि गप निघायचं.

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही.

"शिरसाट, हा पंचा कोणाचा आणून दिलास?"

"तुमचाच आहे, काका."

"माझा नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकाचा आलाय. आंघोळ करून तोंड पुसायला घेतला तर माझ्या पंच्यासारखा वास नाही याला."

"मग कसा आहे?"

पंचा पुन्हा हुंगल्याचा आवाज आला. "कसाच नाही. वासच नाही."

"कोपरा बघा. उसवला होता तिथे निळ्या दोऱ्याने टाके घातलेत. मी धुताना पाहिले."

फोन खाली ठेवल्याचा आणि पुन्हा उचलल्याचा आवाज आला. टाके कुणी घातले होते ते मी विचारलं नाही. मग काका म्हणाले, "उद्या येशील?"

मी सकाळीच गेलो आणि दिवसभराची बाकीची कामं पुढे ढकलली. मशीन गॅलरीत ओढलं आणि सगळं उघडलं. दाराच्या रबराच्या घडीत काळी बुरशी, पावडरच्या ट्रेमागे दगडासारखा थर, आणि टबात जे होतं ते लिहीत नाही, फराळाचे दिवस आहेत. काका उपड्या बादलीवर बसून बघत होते. मी ड्रम बाहेर काढल्यावर ते एकच शब्द बोलले, "आईशप्पथ."

टब खरवडला, ड्रम घासला, रबर पुसून तात्पुरतं बसवलं. त्या कंपनीचं नवं रबर यायला वेळ लागणार होता. सगळं जोडून रिकामं मशीन नव्वद डिग्रीवर चालवलं. पाणी आधी राखाडी, मग गढूळ, मग पांढरं आलं. तिसऱ्या फेरीला स्वच्छ. मग पावडरीचा विषय काढला. काकांनी स्टीलची एक वाटी आणली.

"ही. हिच्यापेक्षा कणभर जास्त नाही घालत कधी. बायकोनं ठरवलेलं माप आहे."

"काका, तेव्हा घरात चार माणसं होती."

"वाटी तीच आहे."

"कपडे तेवढे नाहीत."

त्यांनी वाटी हातात फिरवली. मी त्यांना चहाचा चमचा दाखवला. दोन चमचे सपाट, बस. घाटकोपरचं पाणी पालिकेचं, मऊ. त्याला पावडर आणखी कमी लागते. रोज मशीन लावू नका, तीन दिवसांचे कपडे साठवा. इथे ते अडले. पारोसे कपडे घरात ठेवायचे नाहीत, हा त्यांच्या घरचा नियम. मग तोड काढली. रोज अंगावरचे कपडे साध्या पाण्यातून काढून दोरीवर टाकायचे, आणि तिसऱ्या दिवशी सगळे एकदम मशीनला. मशीनचं दार उघडं ठेवायचं, वरचं भरतकामाचं कव्हर काढून टाकायचं. कव्हर काढायला ते तयार झाले नाहीत. मी म्हटलं, बरं, मागे सरकवून ठेवा. एवढं चालेल.

मग कपाट रिकामं केलं. सदरे, लेंगे, चादरी, उशांचे अभ्रे, पखवाजाची खोळ. एकामागून एक सगळं मशीनला लावलं. दोरी पुरेना, तेव्हा खुर्च्यांच्या पाठीवर टाकलं. मध्ये मशीन फिरत असताना काका बोलले, माझ्याकडे न बघता.

"इतके जण आहेत मंडळात. एकानंही सांगितलं नाही."

"कसं सांगणार?"

"तू सांगितलंस ना."

"आणि तुम्ही हाकललंत."

"मग काय ओवाळू?" असं म्हणून हसले, पण लगेच थांबले. "ती असती तर दारातच अडवलं असतं. हे घालून चाललात? फिरा मागे. तिचं नाक कुत्र्यासारखं होतं, शिरसाट. मी वाटेत विडी ओढून आलो तर जिन्यात ओळखायची."

थोड्या वेळाने म्हणाले, "आता मंडळात जाऊ कसा? काय सांगू? बुवा, माझा वास गेला म्हणून?"

मशीन साफ झालं हे गिऱ्हाइकाला दाखवता येतं. माणसाबद्दल लोकांच्या मनात एकदा काही बसलं की ते काढायला पावडर नाही. म्हटलं, "काही सांगू नका. सरावाला जाऊन बसा. शेजारचा उठला नाही की समजायचं."

त्या दिवशी घरी आलो आणि माझं स्वतःचं मशीन उघडून पाहिलं. ते स्वच्छ होतं, ते माझं कामच आहे. पावडर चमच्याने घालतो, दार उघडं ठेवतो. तरी कपाटातले शर्ट एकेक नाकाशी धरले. काही कळेना. हेच मी गिऱ्हाइकांना सांगत असतो, स्वतःचं नाक साक्षीला घेऊ नका. मुलगी नाशिकला असते, दर रविवारी व्हिडिओ कॉल करते. बाबा, बारीक झालात, केस कापा, मागे भिंतीला ओल आलीय, हे सगळं तिला तिथून दिसतं. वास तेवढा फोनवरून जात नाही. दुकानातल्या वाइंडिंगवाल्याला विचारावं असं मनात आलं, पण त्याच्या अंगाला दिवसभर वॉर्निशचा वास. त्याला कुणाचा काय येणार? शिवाय असं विचारायला एक नातं लागतं. गिऱ्हाईक आणि मिस्त्री, दुकानदार आणि शेजारी, यांच्यात ते बसत नाही. माझ्या पंचवीस-तीस ओळखीच्या घरांत मी आठवून पाहिलं, कुणाला विचारता येईल? एकही नाव पुढे येईना.

रबर आलं तेव्हा गणपती होऊन गेले होते. बसवायला घाटकोपरला गेलो. दार उघडलं आणि सवयीने श्वास घेतला. चहाचा वास आला, दुसरा कुठलाच नाही. मशीनचं कव्हर मागे सरकवलेलं, दार उघडं.

मी विचारायच्या आधीच काका म्हणाले, "गेलो होतो."

"आणि?"

"पहिल्या दिवशी दाराजवळ बसलो. माझ्या दोन्ही बाजूला एकेक माणसाची जागा रिकामी. दुसऱ्या सरावाला तेच. तिसऱ्याला एकजण उशिरा आला, त्याला दुसरीकडे जागाच नव्हती. बसला माझ्याजवळ. अर्ध्या भजनापर्यंत मी त्याच्याकडे बघतोय, आता उठेल, मग उठेल. नाही उठला. झांज वाजवत बसला मेला." काका पाणी प्याले. "मग बुवांनी विचारलं, काका, जिने झेपतील ना?"

"मग पखवाज?"

"पखवाजावर दुसरा घेतलाय त्यांनी. मुलुंडचा. हात चांगला आहे त्याचा, खोटं कशाला बोलू. मला झांज दिली. सगळ्या घरी गेलो, एकही चुकवलं नाही." पखवाज खाटेवरच होता, धुतलेल्या खोळीत. "झांज कुणालाही वाजवता येते रे. पण जागा मिळाली."

मी रबर बसवलं. दार लावून पाणी भरून बघितलं, गळत नव्हतं. हात धुतले. पिशवी भरली आणि तरी उभाच राहिलो.

"काय झालं? अजून काही निघालं?"

"नाही. काका, एक काम आहे. माझ्या शर्टाचा वास घेऊन बघता?"

ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला, उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कॉलरपाशी नाक आणलं. मग बाहीपाशी. मग मला वळवून पाठीपाशी. सावकाश, काम नीट करणाऱ्या माणसासारखं. तीन वर्षांत माझ्या इतक्या जवळ कुणी आलं नव्हतं. मी छताकडे बघत उभा होतो.

"वास नाय," ते म्हणाले. आणि चष्मा लावून पुन्हा एकदा वाकून पाहिलं. "पण कॉलर हातान घास रे झिला. मशीनच्या भरवशार रवू नको."

मी बरं म्हटलं. घरी येऊन शर्ट काढला आणि कॉलर उलटून उजेडात धरली. खरंच मळलेली होती.